सोलापूर ते कुंथलगिरी : चारही चाकांची ओढ आणि ईर्यासमिती

सोलापूर हे रस्त्यांचे गाव आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव या बाजूने येऊन विजयपुराकडे उतरणारा महामार्ग ५२ येथे एकमेकांना भेटतात. जैन यात्रेकरूच्या दृष्टीने तर हे गाव चौरस्त्यावरच वसले आहे. उत्तरेला बालाघाटाच्या डोंगरात कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र, दक्षिणेला विजयपुराचे सहस्रफणी पार्श्वनाथ आणि त्याच दिशेने खूप पुढे श्रवणबेळगोळ, पश्चिमेला सांगलीवरून कुंभोजचे बाहुबली. सोलापुरात ज्या घरात गाडी आहे, त्या घराची वर्षातून एखादी तरी यात्रा या रस्त्यांपैकी एका रस्त्यावरून होतेच.

मोटारगाडीशी या गावाचे नाते आणखी एका कारणाने जवळचे आहे. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, शेठ वालचंद हिराचंद दोशी, यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील दिगंबर जैन कुटुंबात झाला. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या निर्मितीचा ध्यास घेतला. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या आणि पुढे फियाटच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९५३ मध्ये वालचंदांचे निधन झाले. पण त्यांच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना प्रवास घडवला. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर वळकट्या आणि शिधा, आत दाटीवाटीने सहा-सात माणसे, अशी त्या काळातील यात्रेची गाडी अनेक घरांच्या जुन्या छायाचित्रांत आजही दिसते.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते आणि त्याची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती. ती ताकद केवळ मागच्या दोन चाकांना मिळे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. आज त्याच रस्त्यावर जी नवी वाहने धावतात, त्यांतील तंत्र किती पुढे गेले आहे हे पाहायचे असेल, तर एक विशिष्ट प्रकारची गाडी उदाहरण म्हणून घेणे सोयीचे ठरते. टर्बोचार्जर असलेली, चारही चाकांना ओढ देणारी, किंचित उंच केलेली स्टेशन वॅगन. भारतात हा प्रकार विरळा असला तरी कुटुंबाच्या यात्रेला लागणारे बहुतेक गुण त्यात एकत्र आलेले दिसतात, आणि यंत्र काय करू शकते व काय करू शकत नाही हेही त्यात स्पष्ट दिसते.

स्टेशन वॅगन म्हणजे काय

साध्या मोटारीचे छप्पर तसेच मागेपर्यंत ओढून नेले आणि डिकीला उभे दार बसवले की स्टेशन वॅगन तयार होते. रेल्वे स्थानकावरून प्रवासी आणि सामान घरी नेणारी गाडी, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे टाटांनी पुण्यात तयार केलेली इस्टेट १९९२ मध्ये बाजारात आली. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटांची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी असे प्रयत्न झाले. महामार्ग ५२ वरच्या छत्रपती संभाजीनगरालगत, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, हेही येथे आठवते. परंतु वेगळ्या डिकीची गाडी हीच प्रतिष्ठेची, असा समज आपल्याकडे दृढ होता. लांब पाठीची गाडी ग्राहकाला मालवाहू वाटे. त्यामुळे हे प्रयत्न फार काळ टिकले नाहीत.

युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये मात्र वॅगन रुजली होती. बर्फाच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठी जपानच्या सुबारूने १९७२ मध्येच चारही चाकांना ओढ देणारी वॅगन काढली. १९९० नंतरच्या दशकात सुबारूची आउटबॅक आणि व्होल्वोची क्रॉस कंट्री यांनी वॅगनचा तळ जमिनीपासून उंच केला, कडांना संरक्षक पट्ट्या लावल्या, आणि मोटार व जीप यांच्या मधला हा प्रकार स्थिर झाला. त्यालाच आता क्रॉसओव्हर वॅगन म्हणतात.

या प्रकाराचे भारतात विकले गेलेले ठळक उदाहरण म्हणजे २०१७ मध्ये आलेली व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री. तिची लांबी जवळपास पाच मीटर. मागची आसने उभी असतानाच डिकीत ५६० लिटर सामान मावते. तळ जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, डिझेलवर चालणारे. ताकद २३५ अश्वशक्ती. आठ गिअरची स्वयंचलित पेटी. किंमत त्या वेळी साठ लाख रुपयांच्या घरात होती. मध्यमवर्गीय घराच्या हिशेबात बसणारी ही रक्कम नव्हे. परंतु तिच्यातील टर्बो आणि चार चाकांची ओढ ही तंत्रे आता बऱ्याच कमी किमतीच्या वाहनांतही मिळतात, म्हणून ती समजून घेणे सर्वांनाच उपयोगी आहे.

तुळजापूरचा चढ आणि टर्बो

सोलापूर सोडून महामार्ग ५२ ने उत्तरेला निघाले की पहिले तीस-पस्तीस किलोमीटर रस्ता सपाट माळरानातून जातो. दोन्ही बाजूंना ज्वारीची आणि तुरीची शेते, अधूनमधून द्राक्षाच्या बागा. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर आहे, आणि त्याच्या अलीकडे बालाघाटाचा चढ लागतो. पूर्वी भरलेली गाडी या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत जात असे. उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी उकळले म्हणून बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या हे घाटातील नेहमीचे दृश्य होते.

पद्मिनी आणि क्रॉस कंट्री यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. इंजिनाचा आकार १०८९ घनसेंटिमीटरवरून १९६९ वर गेला, म्हणजे दुप्पटसुद्धा झाला नाही. ताकद मात्र सहा पटींच्या जवळ पोहोचली. सुधारलेले इंधन-फवारे, संगणकीय नियंत्रण अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे कारण टर्बोचार्जर हे आहे.

इंजिनाची ताकद ही शेवटी त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते, आणि किती इंधन जळू शकेल हे आत येणाऱ्या हवेवर ठरते. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच घेते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. सायलेन्सरकडे निघालेला तप्त धूर एका चक्राला फिरवतो. दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जी ऊर्जा धुराबरोबर वाया जाणार होती तिच्यातूनच हे काम होते. या चक्रांची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर जाते. ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. जहाजे, रेल्वे इंजिने आणि ट्रक यांच्यात स्थिरावल्यानंतर ती घरगुती मोटारीत आली.

सोलापूरच्या उन्हाळ्याशी टर्बोचा संबंध थेट आहे. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर ती साधारणपणे १३० ते १४० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून मिळवलेला लाभ निम्माशिम्मा हातचा जातो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर नावाची जाळी बसवतात. समोरून येणाऱ्या वाऱ्याने ती हवा थंड होते. माळरानातील धूळ, काडीकचरा आणि किडे यांनी ही जाळी भरली, तर एप्रिल-मे महिन्यांत चढावर गाडीची ओढ कमी होते. हवेचा फिल्टर वेळेवर बदलणे याचेही महत्त्व त्यामुळेच वाढते.

तेलाचेही तसेच आहे. लाखभर फेऱ्यांनी फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल ठरलेल्या अंतरावर न बदलल्यास टर्बो सर्वांत आधी खराब होतो आणि त्याची दुरुस्ती महागात पडते. घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर सावकाश चालू ठेवणे ही जुन्या चालकांची सवय तेवढ्यासाठीच होती. आजही ती हिताचीच आहे.

टर्बोचा एक स्वभाव मात्र ओळखून असावे लागते. पायाने दाबल्यावर धूर वाढायला, चक्र वेग घ्यायला आणि हवा भरायला क्षणभर लागतो. तो क्षण गेला की ओढ एकदम येते. क्रॉस कंट्रीमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी दोन लिटरच्या टाकीत दाबून ठेवलेली हवा टर्बोच्या चक्रावर सोडण्याची योजना आहे. परंतु सर्वसाधारण टर्बो गाडीत हा विलंब थोडाफार राहतोच. ट्रकला मागे टाकताना त्याचा अंदाज चुकला, तर समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर अपुरे पडते.

काळी माती आणि चार चाके

तुळजापूर, धाराशिव, येडशी मागे टाकून येरमाळ्याच्या पुढे गेले की कुंथलगिरीकडे वळता येते. सोलापूरपासून हा प्रवास साधारण दोन-अडीच तासांचा. महामार्ग आता चौपदरी असला तरी यात्रेकरूला शेवटी गावरस्त्यावर उतरावेच लागते. वाटेत एखाद्या नातलगाच्या शेतावर जायचे असेल, तर काळ्या मातीशी गाठ ठरलेली.

सोलापूर आणि मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ताही त्यामुळे हेलकावे घेतो. पाऊस पडल्यावर ती माती साबणासारखी निसरडी आणि चिकट होते. दोन चाकांच्या ओढीची गाडी अशा ठिकाणी का रुतते, याचे उत्तर डिफरन्शियल या भागात आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरावे, म्हणून ही योजना केलेली असते. पण तिचा दोष असा की एक चाक निसरड्या जागी फुकट फिरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तेवढीच क्षीण ओढ मिळते. चिखलातले चाक गरगरते आणि कोरड्या जागेवरचे चाक स्वस्थ उभे राहते.

चारही चाकांच्या ओढीत इंजिनाची ताकद पुढे आणि मागे वाटली जाते. आजच्या बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये नेहमीच्या रस्त्यावर मुख्यतः पुढची चाके ओढतात. मागच्या आसाजवळ अनेक चकत्यांचा क्लच असतो. पुढचे चाक घसरू लागल्याचे संगणकाला कळताच क्लच आवळला जातो आणि क्षणार्धात मागच्या चाकांनाही ओढ मिळते. फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने आवरून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवण्याचीही सोय असते. ओल्या घाटात, शेताच्या चढावर किंवा धर्मशाळेच्या आवारातील चिखलात हिचा खरा उपयोग होतो.

तरीही काळ्या मातीपुढे तिलाही मर्यादा आहे. महामार्गासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा या मातीने भरल्या, की टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाके गरगरतात. गाडी चारचाकी ओढीची असो वा नसो, पावसानंतर शेताच्या वाटेवर उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारणे हेच शहाणपण होय.

वॅगनचा आणखी एक गुण सांगण्यासारखा आहे. तिचे वजन उंच एसयूव्हीपेक्षा जमिनीला जवळ असते. अचानक वळवावी लागली तर ती कमी कलते. आसनांची उंचीही मध्यम, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना आत बसताना वाकावे लागत नाही आणि चढावेही लागत नाही. डिकीची कड खाली असल्याने चाकाची खुर्ची सहज आत जाते. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा हा गुण अधिक मोलाचा वाटेल.

कुंथलगिरी

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील हे क्षेत्र. येथील खवा आणि पेढे दूरवर प्रसिद्ध आहेत. पण यात्रेकरूची ओढ डोंगरावरच्या मंदिरांची. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनिबंधूंना येथे निर्वाण प्राप्त झाले, अशी श्रद्धा आहे. तपश्चर्येत असताना त्यांच्यावर आलेला उपसर्ग राम-लक्ष्मणांनी दूर केला, ही जैन रामकथेतील हकिकत घराघरांत सांगितली जाते.

याच डोंगरावर चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य देणाऱ्या या आचार्यांनी दक्षिणेतून निघून १९२७–२८ मध्ये संघासह सम्मेदशिखरापर्यंत विहार केला आणि पुढे उत्तर भारतही पादाक्रांत केला. सारा प्रवास अनवाणी पायांनी झाला. मोटारीने अडीच तासांत कुंथलगिरीला पोहोचलेला श्रावक ज्यांच्या चरणांशी नतमस्तक होतो, ते मुनिजीवनात कोणत्याही वाहनात बसले नव्हते, ही गोष्ट तेथे उभे असताना मनाला स्पर्श करून जाते.

आणि हा केवळ भूतकाळ नाही. चातुर्मास संपला, दिवाळी-कार्तिक सरले, की मुनिसंघांचे आणि साध्वीवृंदांचे विहार सुरू होतात. त्याच सुमारास कुटुंबांच्या यात्राही सुरू होतात. दोघांचा रस्ता एक आणि वेळही बहुधा एकच, पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर भागात सूर्योदय सात वाजण्याच्या सुमारास होतो. ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठावा म्हणून संघ लवकर निघतात. गर्दी टाळावी म्हणून गाड्याही लवकर निघतात. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचे निधन झाल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. त्या वाहनांत यात्रेला निघालेली वाहनेही असू शकतात, हा विचार टाळून चालणार नाही.

ओढ चार चाकांची, थांबणे मात्र सर्वांचे सारखे

येथे तंत्राची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चारही चाकांची ओढ गाडीला पुढे जायला मदत करते. थांबायला करत नाही. ब्रेक प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबण्याचे अंतर ठरते ते टायर, रस्ता आणि वेग यांवर. उलट या यंत्रणेमुळे एक भ्रम निर्माण होऊ शकतो. साध्या गाडीचे चाक ओल्या रस्त्यावर घसरले की चालक सावध होतो. चार चाकांच्या ओढीची गाडी मुकाट्याने वेग घेते आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला ब्रेक दाबल्यावरच कळते.

थोडा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरावा. रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे ३४ मीटरवर थांबते. ८० च्या वेगाला हे अंतर सुमारे ५४ मीटर होते आणि १०० च्या वेगाला सुमारे ७७ मीटर. रस्ता ओला असेल तर १०० च्या वेगाला शंभर मीटरही अपुरे पडतात. वेग ६० वरून १०० झाला म्हणजे पावणेदोन पटही वाढला नाही. पण गाडीच्या अंगातील गतिऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक झाली. याच्या जोडीला दिव्यांचा हिशेब ठेवावा. खाली केलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे अंधारात ८० च्या वर गाडी हाकणारा चालक, जे अजून दिसलेलेच नाही त्यावर धडकण्याच्या तयारीने चाललेला असतो. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीची कमाल वेगमर्यादा १०० असली, तरी ती कमाल आहे, पहाटेच्या अंधारासाठी दिलेली शिफारस नव्हे.

मुनींच्या पाच समितींमध्ये ईर्यासमिती पहिली. दिवसाच्या प्रकाशात, जीवजंतूंना इजा होऊ नये म्हणून पुढची चार हात जमीन पाहत सावकाश चालावे, असा तो नियम. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. चालणारा माणूस तेवढ्या अंतरात निश्चितपणे थांबू शकतो. नियमाचे मर्म असे दिसते की जेवढ्या अंतरात थांबता येईल तेवढे अंतर आधी डोळ्यांनी शोधलेले असावे. हेच माप मोटारीला लावले तर ६० च्या वेगाला ७५ हात, ८० च्या वेगाला सुमारे १२० हात आणि १०० च्या वेगाला सुमारे १७० हात रस्ता चालकाला स्वच्छ दिसत असला पाहिजे. ईर्यासमिती हे महाव्रतींचे आचरण आहे. यंत्रात बसलेल्या श्रावकाला ती पाळता येते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तिचे माप त्याने घ्यायला कोणाची हरकत नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेचा संबंध प्रमादाशी जोडला आहे. गाडी चालवताना प्रमाद म्हणजे काय, हे सांगायला वेगळ्या भाष्याची आवश्यकता नाही.

नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार यांच्या साह्याने पादचारी ओळखून स्वतःच ब्रेक लावणारी यंत्रणा येऊ लागली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र ती चालकाला साह्य करते, त्याची जागा घेत नाही. धूळ, धुके, समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत यांत तिच्याही डोळ्यांवर पडदा येतो. रस्ता ओलांडणारी गुरे आणि कुत्री आहेतच. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूने बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळविटांचे कळप आडवे येतात. त्यांचाही विचार अहिंसेच्या कक्षेत येतो.

पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याने जागा ठेवावी ही मागणी अवाजवी नाही, हे सोलापूर जिल्ह्यानेच दाखवून दिले आहे. आळंदी आणि देहू येथून पंढरपूरला येणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट योजलेली आहे. विहाराच्या नेहमीच्या मार्गांवर अशी व्यवस्था होईपर्यंत समाजाला आपल्या हातचे उपाय करावे लागतील. अनेक गावांतील विहारसेवेचे तरुण चमकणारी जाकिटे घालून, दिवे घेऊन संघाच्या पुढे-मागे चालतात. संघाचा मार्ग आणि मुक्काम यांची माहिती यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांनी मंदिरातून घेऊन ठेवावी. सूर्योदयापूर्वी निघायचेच असेल तर वेग ६० च्या आत असावा. रस्त्याच्या कडेला पांढरी वस्त्रे, दिवा किंवा हलणारी सावली दिसताच पाय आधी उचलावा आणि मग काय आहे ते पाहावे. संघाजवळून जाताना हॉर्न वाजवू नये. दूर अंतर ठेवून सावकाश पुढे जावे. दर्शनासाठी थांबायचे असेल तर गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर उभी करावी, नाहीतर मागून येणारा ट्रक त्या गाडीला टाळताना संघाच्या अंगावर येतो.

गाडी घेताना ऐपतीबरोबर परिग्रह-परिमाणाचाही विचार व्हावा, असे वडीलधारी माणसे सांगत. साठ लाखांची वॅगन असो वा सहा लाखांची लहान गाडी, चांगले टायर, निर्दोष ब्रेक, स्वच्छ काच आणि झोप पूर्ण झालेला चालक या चार गोष्टी दोन्हींना सारख्याच लागतात, आणि चौघांचा मिळून खर्च टर्बोच्या एका दुरुस्तीपेक्षा कमी येतो. वालचंदांनी या देशात मोटार बनावी म्हणून आयुष्य वेचले. ती कशी चालवावी हे ठरवणे आता तिच्यात बसणाऱ्यांकडे आहे. कुंथलगिरीचा डोंगर सकाळी आठलाही तेथेच असतो आणि दहालाही. उजाडल्यावर निघालेल्या कुटुंबाला दर्शन तेवढेच मिळते.